हात लावू नये

काकू : आणि हे शेवटचं काय लिहिलंयस? "अकराव्या मिनिटाला यंत्रणा आपोआप पूर्ववत झाली." आपोआप? तू टेबलाखाली पालथी पडून बटण दाबून धरलं होतंस. मी डोळ्यांनी पाहिलंय.

वायर : अहवालात असं लिहीत नाहीत, काकू.

काकू : मग कसं लिहितात?

वायर : जरा गोलगोल लिहितात.

काकू : सव्वीस वर्षं फोनवर लोकांचं गोलगोलच ऐकतेय मी. "बाबांना थोडं बरं नाहीये हो." थोडं म्हणजे बाबा निळे पडलेले असतात. म्हणून मी सरळ विचारते. काय झालं, केव्हा झालं, आत्ता काय चाललंय? तुलाही तेच विचारते. मशीन तू सांभाळतेस, म्हणून तर सगळे तुला वायर म्हणतात. सांग.

वायर : तुम्ही इथेच होतात की.

काकू : मला एवढंच माहीत आहे की मंगळवारी सकाळी दहा वीसला या खोलीतले कॉम्प्युटरचे सगळे पडदे गोठले. फोन वाजतायत, लोक रडतायत, आणि कुठली रुग्णवाहिका कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. मग मी कपाटावरचा कागदी नकाशा खाली ओढला आणि टाचण्या टोचत बसले. अकरा मिनिटांत चार गाड्या पाठवल्या. पडदे का गोठले, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि नवीन पोरांना वाटतंय मला सगळं ठाऊक आहे.

वायर : मेमरी संपली.

काकू : कुणाची?

वायर : मशीनची. म्हणजे... तुमच्या घरी स्वयंपाकाचा ओटा आहे ना? कपाटात वाटेल तेवढं सामान असेल, पण काम करायचं ते ओट्यावर. मेमरी म्हणजे तो ओटा. आपला सगळा कारभार एकाच मशीनवर चालतो. कॉल घेणारा प्रोग्रॅम, नकाशा, रेकॉर्डिंग, सगळे त्याच ओट्यावर.

काकू : आणि ओटा भरला.

वायर : भरला.

काकू : मग त्यात काय एवढं? भरला की एखादं पातेलं उचलून खाली ठेवायचं.

वायर : तेच करतं ते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांवरचा मुकादम समजा. तो सकाळी सगळ्यांना जागा कबूल करतो. कुणी दहा हात जागा मागितली, घे दहा हात. दुसऱ्यानं वीस मागितली, घे वीस. ओटा मुळात पंचवीसच हातांचा असतो.

काकू : अगं बाई! मग हा फसवतो की सगळ्यांना.

वायर : फसवत नाही. त्याला अनुभव असतो की लोक मागतात जास्त आणि वापरतात कमी. बहुतेक दिवस निभतं. पण एखाद्या दिवशी सगळे एकदम आपापली जागा मागायला येतात. तेव्हा त्याच्यापुढे एकच उपाय उरतो. कुणालातरी बंद करायचं. सांगून नाही, विचारून नाही. थेट बंद.

काकू : मग मंगळवारी केलं का नाही?

वायर : ते जरा लांबलचक आहे.

काकू : वायर. चहा गार होतोय आणि माझी सुट्टी वीस मिनिटांची आहे.

वायर : कारण त्याचे हात मीच बांधून ठेवले होते.

काकू : म्हणजे?

वायर : प्रत्येक प्रोग्रॅमवर एक खूण करता येते. "याला हात लावू नये" अशी. ती खूण असली की काही झालं तरी मुकादम त्याला बंद करत नाही. ती फक्त कॉल घेणाऱ्या प्रोग्रॅमवर असायला हवी होती. एकावरच. पण मग नकाशावाले आले, म्हणाले आमचा बंद पडला तर गाड्या आंधळ्या होतील. खरंच होतं ते. त्यांना खूण दिली. रेकॉर्डिंगवाले म्हणाले, कायद्याची बाब आहे. दिली. औषधसाठावाले दोन दिवस माझ्या टेबलाशी येऊन बसले होते. दिली. मग साहेबांचं पत्र आलं, त्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासाठी.

काकू : तो पाहुण्यांना दाखवायचा? हिरवे-लाल ठिपके पळत असतात तो?

वायर : तोच. "कोणत्याही परिस्थितीत बंद होता कामा नये." खाली दोन रेघा मारलेल्या.

काकू : मग नाही म्हणायचं ना!

वायर : तुम्हाला नाही म्हणाले होते का मी?

काकू : मला? मी कधी मागितलं?

वायर : ड्यूटीचा तक्ता. गेल्या वर्षी. "तो बंद पडला की सगळे माझ्या डोक्यावर येऊन बसतात, मी कुणाची नाईट हे तोंडपाठ सांगत बसू का, तेवढी ती काय खूण असते ती करून टाक बाई."

काकू : ...हो की. आणि वर तुला पेरू पण दिले होते.

वायर : चार.

काकू : म्हणजे मीसुद्धा त्यात आहे. लिही माझं नाव. किती झाले हे सगळे?

वायर : सहा. कॉल, नकाशा, रेकॉर्डिंग, औषधं, भिंत, तक्ता. मंगळवारी ओटा भरला. मुकादम उठला, एकेकापाशी गेला. याला हात लावू नये. त्यालाही नये. सगळ्यांच्या गळ्यात तीच पाटी. मग तो बिचारा काय करणार? नऊ मिनिटं धापा टाकत राहिला. जागा सरकवून बघतोय, इकडचं तिकडे करतोय, कुणालाच नीट काम करू देत नाहीये. आणि शेवटी आडवा झाला.

काकू : सगळ्यांना वाचवायला गेला आणि कुणालाच वाचवता आलं नाही.

वायर : तो नाही, काकू. मी.

काकू : बरं. आता मला हे सांग. ओटा रोज भरत नव्हता, मंगळवारीच कसा भरला? कुणीतरी पसरलं असणार ना?

वायर : ...

काकू : हे बघ, फोनवर माणूस या प्रश्नाला गप्प झाला की मला कळतं, औषध त्यानंच चुकीचं दिलेलं असतं.

वायर : सातवा आहे एक.

काकू : कोण सातवा?

वायर : माझा. मी लिहिलेला. पहारेकरी म्हणते मी त्याला. मशीन बरं आहे ना, गरम होत नाहीये ना, जागा किती उरली, याची दर सेकंदाला नोंद करतो. आणि मी त्याला कधी विसरायला शिकवलंच नाही. गेल्या पाच महिन्यांची प्रत्येक सेकंदाची नोंद तो उराशी धरून बसला होता. जागा कमी आहे म्हणून ओरडायचं काम त्याचं, आणि सगळी जागा त्यानंच खाल्लेली.

काकू : आणि त्याच्यावर पण खूण?

वायर : सगळ्यात पहिली. कुणी मागायच्या आधी. मीच केली होती.

काकू : हे अहवालात कुठंय?

वायर : "अज्ञात कारणाने मेमरीचा वापर वाढला."

काकू : अज्ञात! आणि अहवालाखाली हा लिफाफा कसला?

वायर : तो माझा आहे. द्या इकडे.

काकू : पडदे गोठले होते, माझे डोळे नव्हे. राजीनामा आहे ना?

वायर : चौथी गाडी कालव्याच्या भलत्याच बाजूला गेली, काकू. सात मिनिटं उशीर झाला. ते आजोबा छातीला हात लावून पायरीवर बसले होते. मला ती पायरीच दिसतेय तीन दिवस. मी असल्या ठिकाणी काम करायच्या लायकीची नाही.

काकू : गाडी भलत्या बाजूला गेली, कारण माझ्या कागदी नकाशात तो नवीन पूल नाही. टाचणी मी टोचली होती, तू नाही. आणि सकाळपासून तुला एक सांगायचं राहिलंय. तुला माहितीये, आपला नियम आहे. कॉल संपला की संपला. मागून फोन करून चौकशी करायची नाही.

वायर : हो.

काकू : सव्वीस वर्षं पाळला. आज मोडला. आजोबांच्या घरी फोन केला.

वायर : ...काय म्हणाले?

काकू : लेक म्हणाली, उठून बसलेत. गोड बिस्किटं मागतायत, डॉक्टर देत नाहीत म्हणून काल दुपारपासून नर्सशी अबोला धरलाय.

वायर : खरं सांगताय?

काकू : खोटं सांगायला मला काय अहवाल लिहायचाय? रड, रड. पण उजव्या बाजूला रड, कागद भिजतील.

वायर : मला वाटलं होतं ते...

काकू : मलाही वाटलं होतं. म्हणून तर नियम मोडला. आता डोळे पूस आणि ते "अज्ञात" खोड. चाराला साहेब येतील. खरं लिहून दे, मग लिफाफा द्यायचा तर दे. आधी लिफाफा दिलास तर तुझ्या जागी नवीन कुणी येईल, त्याच्याकडे हेच सगळे जण चिठ्ठ्या घेऊन जातील, आणि तोही सगळ्यांना हो म्हणेल. मग पुन्हा मीच टाचण्या टोचत बसू का?

वायर : तुम्ही लोकांना नाही कसं म्हणता, काकू? दोन फोन एकदम आले आणि गाडी एकच असली की?

काकू : नाही म्हणतच नाही. ते फोन येण्याआधी ठरलेलं असतं. श्वास बंद पडलेला आधी. पाय मोडलेला ओरडतो फार, पण तो वीस मिनिटं थांबू शकतो. ज्याला थांबवलं तर पुन्हा उभा राहील, त्याला थांबवायचं. ते शांत डोक्यानं आधी लिहून भिंतीला लावलेलं आहे, म्हणून ऐन वेळी माझे हात थरथरत नाहीत. आणि ते लिहिताना कोण ओरडतंय हे विचारायचं नाही.

वायर : पुन्हा उभा राहील त्याला थांबवायचं.

काकू : लिहून घेतेस काय? बाई, हे तर रोजचंच आहे.

साहेब : येऊ का? चारच्या जरा आधीच आलो. मॅडम, अहवाल तयार आहे ना? मला वरती पाठवायचाय. आणि हा लिफाफा कसला?

काकू : तो माझा, साहेब. रजेचा अर्ज. आणते मागाहून. तुम्ही बसा.

साहेब : हं. थोडक्यात सांगा, मॅडम. मशीन लहान पडलं, बरोबर? आपण दुप्पट मेमरीचं मागवू. विषय संपला.

वायर : नाही संपणार, सर. सांडणारा सांडतच राहिला तर ओटा दुप्पट केला काय आणि चौपट केला काय. मंगळवारच्या ऐवजी पुढच्या महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी भरेल.

साहेब : मग असं करा ना, मागेल तेवढी जागा कुणाला देऊच नका. जेवढी जागा आहे तेवढीच वाटायची. शिस्त म्हणजे शिस्त.

वायर : करता येतं तसंही. काही ठिकाणी करतातही. पण आपला नकाशा उघडताना प्रचंड जागा मागतो आणि त्यातली पाव वापरतो. उरलेली अडवून ठेवली तर निम्मा ओटा रिकामा असताना रेकॉर्डिंग सुरूच होणार नाही.

साहेब : बरं, मग सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याला बंद करायचं. न्यायाचं आहे.

वायर : काही सांगितलं नाही तर मुकादम साधारण तेच करतो. पण मोठा तो दोषी असं नसतं, सर. गर्दीच्या वेळी सगळ्यात मोठा असतो तो कॉल घेणारा प्रोग्रॅम. लोक मरणाच्या दारात असताना तोच मोठा होतो.

साहेब : मुकादम कोण?

काकू : ते मी तुम्हाला नंतर सांगते.

साहेब : मग करायचं काय?

वायर : ही यादी. आत्ताच केलीय, अक्षर समजून घ्या. आधी, कॉल घेणाऱ्यासाठी सकाळीच जागा राखून ठेवायची. बाकीच्यांनी तिकडे बघायचंसुद्धा नाही. "हात लावू नये" ही खूण फक्त त्याच्यावर. नंतर, ओटा पूर्ण भरायची वाट बघायची नाही. थोडी जागा उरली असतानाच सगळ्यांना सांगायचं, आवरा. ज्याला जे सोडता येईल ते तो सोडेल. तरीही भागलं नाही तर या क्रमानं एकेकाला बंद करायचं. ज्याला पुन्हा सुरू करता येतं आणि तोवर कुणाचा जीव अडत नाही, तो आधी.

साहेब : आणि अगदीच काही जमलं नाही तर?

वायर : तर धापा टाकत बसायचं नाही. लगेच बंद होऊन लगेच उठायचं. चाळीस सेकंदांत उठतं ते. मंगळवारी अकरा मिनिटांपैकी नऊ मिनिटं ते उठतही नव्हतं आणि पडतही नव्हतं.

साहेब : हं. दाखवा यादी. बंद करायच्यांत दोन नंबरला माझी भिंत?

वायर : हो, सर.

साहेब : मॅडम, गुरुवारी वरची समिती येतेय. ती भिंत बघायला येतेय. आणि ती दोन नंबरला?

वायर : भिंत बंद पडली तर कुणाची गाडी चुकत नाही. पाहुण्यांना चहा दिला की तेवढ्यात ती पुन्हा सुरू होईल.

साहेब : मी पत्र दिलं होतं तुम्हाला. तुम्ही त्यावर हो म्हणालात.

वायर : म्हणाले होते. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आता म्हणतेय.

साहेब : ...एक नंबरला हा कोण? पहारेकरी?

वायर : तो माझा आहे. मंगळवारी जागा त्यानंच खाल्ली होती, सर. चूक माझ्या लिहिण्यात होती. पहिल्या पानावर तसं लिहिलंय. मघापर्यंत तिथे "अज्ञात कारण" असं होतं.

साहेब : हे तुम्ही लिहून देताय? तुमच्या सहीनं?

वायर : हो.

साहेब : आणि तोच पहिला बंद केला तर मशीनवर लक्ष कोण ठेवणार?

वायर : बंद झाला की दोन सेकंदांत रिकाम्या हातांनी पुन्हा उठेल. जुनं ओझं तिथेच टाकून. शिवाय आता मी त्याला विसरायला शिकवलंय. तासाभरापेक्षा जुनं काही जवळ ठेवत नाही.

साहेब : काकू, तुम्ही गप्प का?

काकू : मी मोजतेय. तीन नंबरला माझा तक्ता आहे. म्हणजे आता कुणाची नाईट हे मलाच सांगावं लागणार.

साहेब : त्या पत्रावर दोन रेघा मी मारल्या होत्या. मला वाटलं होतं, रेघा मारल्या नाहीत तर कुणी मनावर घेत नाही... हे असं करा, मॅडम. यादी अशीच ठेवा. पण चालते हे मला दाखवा. जादा मशीन आहे ना शेजारच्या खोलीत? त्याच्यावर. मुद्दाम भरा ती मेमरी. उद्या सकाळी.

(दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा. शेजारची खोली, जादा मशीन, त्यावर भिंतीसकट सगळ्या प्रोग्रॅमांची नक्कल. काकू कानाला हेडफोन लावून बसलेल्या. वायर पलीकडे, दार लोटलेल्या खोलीत.)

साहेब : मॅडम, ऐकू येतंय का तिकडे? किती भरली?

वायर : नव्वद टक्के. आवरायला सांगितलंय सगळ्यांना. नकाशानं बरीच जागा सोडली, बघा. आता पुन्हा भरतेय. पंच्याण्णव. सर, पहारेकरी गेला. उठला. ब्याण्णववर आलंय. अजून दाबते.

साहेब : भिंत काळी झाली! काकू, भिंत गेली.

काकू : जाऊ दे, साहेब. माझा पडदा चालू आहे. तक्ता गेला वाटतं. हो, गेला. वायर, आता फोन कर बघू. खरा कॉल असल्यासारखा. मी तयार आहे.

साहेब : कालचा तो तुमच्या रजेच्या अर्जाचा लिफाफा ना हा, काकू? त्याच्यावर काय लिहिताय?

काकू : नवीन पुलांची यादी. कागदी नकाशात घालायचेत. चांगला जाड कागद आहे हो, वाया कशाला घालवायचा? वाजला. थांबा. रुग्णवाहिका सेवा, बोला. मी ऐकतेय.

वायर : हॅलो. तिकडे... पडदा उघडला का तुमचा?

काकू : असं कुणी विचारतं का फोनवर? नीट बोल. नाव, पत्ता नंतर. आधी सांगा, त्रास कुणाला होतोय?

वायर : मला.

काकू : केव्हापासून?

वायर : मंगळवारपासून.

काकू : शुद्धीत आहात, बोलताय, चांगलं आहे. श्वास नीट चालू आहे का?

वायर : आता चालू आहे.

काकू : लिहिलं. पडद्यावर उमटलं पण. साहेब, बघा, सगळं भरलेलं असताना उमटलं. हं, बाई, घाबरू नका, फोन ठेवू नका. एक शेवटचं विचारते. तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?

वायर : आहे. इथेच, दाराच्या पलीकडे.